दुचाकीवर ‘सावध राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं?

कोरा_आरसा

नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध वाटला तरी चालेल, उत्तर मात्र सविस्तर हवंय.

परवाना हाती पडला की जो तो सांगतो, ‘सावध राहा, लक्ष देऊन चालव’. पण लक्ष द्यायचं म्हणजे नजर नेमकी कुठे ठेवायची? किती लांब? आणि धोका आहे असं कधी धरायचं? दिसेल त्या प्रत्येक गोष्टीला धोका मानलं तर गाडी जागची हलायची नाही, आणि कशालाच मानलं नाही तर काय होतं ते सांगायला नको.

गाडी १५० सीसीची, दोन्ही चाकांना डिस्क, एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. मला कळत नसलेल्या गोष्टी अशा: चौकात समोरून वळणारी गाडी आपल्याला पाहतेय की नाही हे कसं ओळखायचं, एकदम थांबायची वेळ आली तर पुढचा ब्रेक किती आणि मागचा किती, अनोळखी वळणावर आत शिरायचा वेग कशावरून ठरवायचा, आणि दोन-अडीच तास सलग चालवल्यावर डोकं बधिर होतं त्याचं काय करायचं.

‘हेल्मेट घाला, हळू चालवा’ एवढंच लिहू नका, ते करतोच आहे.

तिसरा_गिअर

‘लक्ष ठेवा’ ही सूचना मोजता येत नाही, म्हणून पाळताही येत नाही. मोजता येते ती वेळ. काही वाकडं झालंच तर ते टाळायला आपल्या हाताशी किती सेकंद आहेत, एवढा एकच हिशेब डोक्यात चालू ठेवायचा. नजर, वेग, रस्त्यावरची जागा हे सगळं त्या सेकंदांसाठी.

तीन आकडे पाठ करा: २, ४ आणि १२. पुढच्या वाहनापासून किमान २ सेकंदांचं अंतर. पुढचे ४ सेकंद म्हणजे तुमच्या चाकाखाली येणारा रस्ता: खड्डा, वाळू, तेलाचा डाग, गटाराचं झाकण. आणि १२ सेकंद म्हणजे जिथे नजरेने आधीच पोचायचं ती जागा. ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे २ सेकंद ३३ मीटर, ४ सेकंद ६७ मीटर आणि १२ सेकंद तब्बल २०० मीटर. नवे चालक बहुतेक वेळ पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत असतात, म्हणजे त्यांची नजर १५-२० मीटरवरच अडकलेली असते. नजर लांब, जवळ, आरसा, पुन्हा लांब अशी फिरती राहिली पाहिजे. कुठेही दोन सेकंदांपेक्षा जास्त मुक्काम नको. आरसा दर ५ ते ८ सेकंदांनी, आणि वेग कमी करण्याआधी हटकून. आपण ब्रेक लावतोय हे मागच्याला परवडेल का, ते आधी कळायला हवं.

२ सेकंद मोजायची सोपी रीत: पुढची गाडी एखाद्या खांबाच्या सावलीवरून गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणा. म्हणून होण्याआधीच तुम्ही त्या सावलीवर पोचलात तर फार चिकटलाय. पाऊस असेल, मागे कोणी बसलं असेल किंवा पुढे ट्रक असेल तर ४ सेकंद. ट्रकच्या मागे चिकटून गेलं की त्याच्या चाकांमधून निघणारा खड्डा किंवा पडलेली वीट अर्धा सेकंद आधी दिसते, आणि तेवढ्यात काहीच करता येत नाही. शिवाय ट्रकच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्ही त्याच्या लेखी रस्त्यावर नाहीच.

आता चौक. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० दुचाकी अपघातांचा घटनास्थळी जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी साधारण दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनाने दुचाकीचा हक्काचा मार्ग अडवला होता. आणि धोका सुरू झाल्यापासून धडकेपर्यंत चालकाला सर्वसाधारणपणे दोन सेकंदसुद्धा मिळाले नव्हते. वळणारा माणूस दुष्ट नसतो. त्याला खरोखर दिसत नाही. त्याची कारणं समजून घेतली तर उपायही सुचतात.

एक, दुचाकी समोरून अरुंद दिसते, आणि लहान दिसणारी वस्तू मेंदूला लांब व सावकाश येतेय असं वाटतं. दोन, सरळ रेषेत जवळ येणारी वस्तू बराच वेळ जागच्या जागी असल्यासारखी दिसते आणि अगदी शेवटी एकदम मोठी होते. तीन, गाडीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब अख्खी दुचाकी झाकतात. आडव्या रस्त्याने येणारं वाहन तुम्हाला सतत एकाच कोनात दिसत राहिलं, ना पुढे सरकतंय ना मागे पडतंय, तर दोघं एकाच बिंदूकडे चालला आहात. आणि त्याच्या बाजूने बघितलं तर तुम्हीही बहुधा त्या खांबाआड तितकेच स्थिर बसलेले असता.

म्हणून चौकाकडे जाताना स्वतःची जागा बदला. तुमच्या लेनच्या तीन पट्ट्या कल्पा: मधल्या रेषेलगतची, मधली आणि कडेची. चौकाच्या ५०-६० मीटर आधी एका पट्टीतून दुसरीत सावकाश सरका. मागच्या पार्श्वभूमीवर तुमचा दिवा आडवा हलला की तो समोरच्याच्या नजरेत भरतो. वेग ताशी १० किमीने उतरवा, दोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर ठेवा, आणि त्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे बघा. ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे नाही. नजरानजर झाली म्हणजे त्याने पाहिलं असं अजिबात नसतं. लोक तुमच्या आरपार बघतात. चाक मात्र फसवत नाही. गाडी सुटताना चाकाचा वरचा काठ गाडीच्या दुप्पट वेगाने सरकतो, त्यामुळे बोनेट हललेलं कळण्याआधी चाकावरचे आरे किंवा नट फिरलेले दिसतात.

पाना_१०_१२

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. ब्रेकबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल गैरसमज फार.

आधी आकडेमोड. कोरडा, चांगला डांबरी रस्ता, बरे टायर, ब्रेक नीट लावलेला, प्रतिक्रियेला १ सेकंद धरून थांबायचं एकूण अंतर साधारण असं येतं:

ताशी ५० किमी: १४ + १४ = २८ मीटर
ताशी ६० किमी: १७ + २० = ३७ मीटर
ताशी ८० किमी: २२ + ३५ = ५७ मीटर
ताशी १०० किमी: २८ + ५५ = ८३ मीटर

पहिला आकडा ब्रेक लागण्याआधी गाडी किती जाते तो, दुसरा ब्रेक लागल्यावरचा. बेसावध माणसाला १ नाही, दीड सेकंद लागतो. मग ६० लाच आणखी ८ मीटर वाढवा. ओल्या रस्त्यावर दुसरा आकडा किमान दीडपट.

यातून एक गोष्ट निघते जी ऐकून पटत नाही. २८ मीटरवर अडथळा आला. ५० वाला त्याला टेकून थांबला. त्याच जागी ६० वाला अजून ताशी ३९-४० किमीने जातोय. वेगातला फरक १०चा, आपटण्यातला फरक शून्य आणि चाळीसचा. ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून असं होतं.

आता पुढचा की मागचा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे जोरात थांबताना तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. पण वजन पुढे यायला क्षणभर लागतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. लिव्हर एकदम हिसकली तर वजन पोचायच्या आत चाक अडकतं. लिव्हर दोन टप्प्यांत दाबा: आधी पॅड डिस्कला टेकून फोर्क (पुढचं चाक धरणारे शॉकॲब्सॉर्बर) थोडा खाली बसेपर्यंत, मग त्यावर वाढता दाब. दोन्ही टप्पे मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत. मागचा पेडल हलका, आणि गाडी पुढे झुकत जाईल तसा आणखी हलका. तुमच्या मागच्या चाकाला एबीएस नाही, म्हणजे घाबरून पाय दाबला की तेच आधी घसरणार. क्लच शेवटी दाबा, आणि थांबेपर्यंत पहिला गिअर पडलेला असू द्या, म्हणजे मागून कोणी येत असेल तर लगेच निघता येईल.

एबीएस नसलेलं पुढचं चाक अडकलं तर लिव्हर त्याच क्षणी सोडा आणि पुन्हा दाबा. मागचं अडकलं आणि गाडी सरळ असेल तर पाय उचला. पण मागचं अडकून गाडी आडवी फिरायला लागली असेल तर पाय उचलू नका, अडकलेलंच ठेवून थांबा. आडव्या अवस्थेत चाकाला अचानक पकड मिळाली की गाडी विरुद्ध बाजूला उसळून चालकाला वरून फेकते. तशी पडझड साध्या घसरण्यापेक्षा फार वाईट.

एबीएसचा पुढचा ब्रेक धडधडला की लोक घाबरून हात सैल करतात. सैल करू नका, धडधड म्हणजे तो काम करतोय. मात्र सुट्या खडीवर एबीएसने अंतर वाढतं, हेही ध्यानात असू द्या. आणि साधा एबीएस वळणात झुकलेल्या गाडीला सावरून धरत नाही.

हे वाचून येत नाही. मोकळं, कोरडं, खडी नसलेलं पटांगण शोधा. ३० ने सुरू करा, दहा वेळा थांबा, मग ४०, मग ५०. प्रत्येक वेळी नजर समोर क्षितिजावर. चाकाकडे बघितलं की हँडल वळतं. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पुरे.

कोरा_आरसा

दोघांचेही आभार. चाकाकडे बघायचं हे कधी सुचलंच नसतं. पण एक शंका: २-४-१२, आरसा, पट्टी, बोटं लिव्हरवर... हे सगळं एकदम सांभाळायचं म्हणजे डोक्याचा भुगा नाही का होणार? आणि शेवटच्या क्षणी ब्रेक लावू की बाजूने काढू, हे कसं ठरवायचं?

तिसरा_गिअर

सुरुवातीला होतो भुगा. म्हणून बोलत चालवायचं. हेल्मेटच्या आत, मोठ्याने: ‘पुढे फाटा, टेम्पो उभा, चाक सरळ, मागे मोकळं, उजेड आडवा, वाळू कडेला’. रोज ओळखीच्या रस्त्यावर दहा मिनिटं. ओळखीच्याच रस्त्यावर, कारण तिथेच आपण सर्वात कमी बघतो. बोलायला वाक्य सापडलं नाही तर त्या क्षणी तुम्ही काहीच बघत नव्हता, हे आपोआप उघडं पडतं. दोन-तीन आठवड्यांत बोलणं बंद केलं तरी डोळे तसेच फिरत राहतात.

आणि प्रत्येक गोष्टीला सारखं महत्त्व देऊ नका. दोन प्रश्न विचारा: हे माझ्या वाटेत येऊ शकतं का, आणि आलं तर मला किती वेळ मिळेल? उभ्या गाड्यांची रांग आहे, एकीत ड्रायव्हर बसलेला दिसतोय. दार उघडायला अर्धा सेकंद पुरतो. मग तिथून दीड मीटर लांबून जा, संपला विषय. कुत्रा १०० मीटरवर रस्त्याकडे तोंड करून उभा आहे, तर वेळ भरपूर आहे, फक्त रेस सोडा. दोन धोके एकाच जागी जुळत असतील (समोरून बस आणि कडेला सायकलवाला), तर वेग जरा कमी-जास्त करून त्यांना वेगवेगळ्या वेळी गाठा. धोके एकेक करून घेणं ही या सगळ्यातली सर्वात उपयोगी सवय, आणि तिला कौशल्य असं काही लागत नाही.

ब्रेक की बाजूने? बहुतेक वेळा ब्रेक. बाजूने काढायला तिकडे जागा रिकामी आहे हे आधीच माहीत असावं लागतं, आणि ते आरसा बघत असलेल्यालाच माहीत असतं. काढायचीच झाली तर ज्या बाजूला जायचं त्या बाजूची हँडलची मूठ पुढे ढकला. उजवीकडे जायचं तर उजवी मूठ. उलटं वाटतं, पण ताशी २०-२५ किमीच्या वर दुचाकी अशीच झुकते. आणि एका वेळी एकच काम: आधी ब्रेक, सोडा, मग वळवा, किंवा आधी वळवा, गाडी सरळ करा, मग ब्रेक. झुकलेल्या गाडीवर करकचून ब्रेक म्हणजे टायरकडून दोन्ही कामांची पकड एकदम मागणं. नजर मोकळ्या जागेवर ठेवा. अडथळ्याकडे टक लावलीत तर गाडी तिकडेच जाते, हे सगळ्यांना ठाऊक असूनही सगळ्यांकडून होतं.

ओली_सडक

वळणांचं कोणीच लिहिलं नाही, तर मी लिहिते.

अनोळखी वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा लांब कुठेतरी एकत्र आल्यासारख्या दिसतात. नजर त्या बिंदूवर ठेवा. वळणात शिरताना तो बिंदू तुमच्यापासून लांब पळत असेल तर वळण उघडतंय, रेस हलके वाढवायला हरकत नाही. तो आहे तेवढ्याच अंतरावर राहिला तर आहे तो वेग बरोबर. तो तुमच्याकडे येऊ लागला तर वळण आवळतंय, वेग ताबडतोब उतरवा. आणि मूळ नियम एकच: बिंदूपर्यंतच्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे. वर दिलेला तक्ता इथेच वापरा. बिंदू ४० मीटरवर दिसतोय आणि तुम्ही ८० ने चाललाय, तर पलीकडे उभा असलेला बंद पडलेला ट्रक तुम्हाला थांबल्यावर नाही, लागल्यावर दिसेल.

वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना उतरवा. गिअरही तेव्हाच. आत शिरल्यावर रेस अगदी बारीक पण चालू ठेवा, एकदम बंद केली की वजन पुढे येऊन गाडीची रेषा बदलते. रेषेचं म्हणाल तर लवकर आतल्या बाजूला घुसण्याचा मोह टाळा. बाहेरच्या बाजूला थोडं जास्त वेळ राहिलं की वळणाचा पुढचा भाग आधी दिसतो. समोरून वाहतूक असेल त्या बाजूला फक्त चाकं आपल्या हद्दीत ठेवून भागत नाही. झुकल्यावर डोकं आणि खांदा मधल्या रेषेपलीकडे जातात. समोरून येणाऱ्या ट्रकच्या आरशाची उंची आठवा.

पावसाचं: पहिली दहा-पंधरा मिनिटं सर्वात घसरडी, कारण रस्त्यावरचं तेल आणि रबराची भुकटी पाण्यावर तरंगते. जमलं तर तेवढा वेळ थांबा. रंगवलेले पट्टे, झेब्रा, लोखंडी झाकणं, पुलाच्या जोडपट्ट्या यांवर गाडी सरळ ठेवा, ब्रेक आणि रेस दोन्ही शांत. रेल्वेचे रूळ शक्यतो काटकोनात, निदान ४५ अंशांत ओलांडा. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर लिव्हर दोन-तीनदा हलकी दाबून डिस्क पुसून घ्या, नाहीतर पहिला ब्रेक उशिरा पकडतो. डिझेलचा वास आला की वळणात ओला इंद्रधनुषी डाग शोधा. वास बहुतेक वेळा डागाच्या आधी पोचतो.

रात्रीचं गणित सोपं आहे. लो बीम साधारण ४० ते ६० मीटर दाखवतो. ताशी ८० ला थांबायला ५७ मीटर लागतात तेही ताज्या डोक्याने. म्हणजे लो बीमवर ६० च्या वर गेलात की जे दिसत नाही त्यावर गाडी चालवताय. हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे असतील तर समोरच्या दिव्याचं चांदणं पसरून सगळंच पुसलं जातं. काच बदला, ती हेल्मेटपेक्षा खूप स्वस्त असते. काळी काच अंधार पडायच्या आत काढा.

ठोका_हॉर्न

एवढं सगळं करण्यापेक्षा जोरदार हॉर्न आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावा. ऐकू आलं की लोक आपोआप बाजूला होतात.

पाना_१०_१२

सायलेन्सरचं तोंड मागे असतं, धोका समोर. समोरच्या गाडीच्या काचा वर, आत गाणी चालू. आवाज कळेल तेव्हा तुम्ही शेजारी असता. वर सतत मोठा आवाज स्वतःच्या कानावर, त्याने थकवा वाढतो तो वेगळाच. हॉर्न हवाच, पण ब्रेकच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नको. पाहिलं नसेल अशी शंका आली तर लांबूनच एक छोटा हॉर्न आणि त्याच वेळी रेस बंद. अगदी जवळ आल्यावर हॉर्न दाबत बसलेला अंगठा म्हणजे फुकट गेलेला अर्धा सेकंद.

अप्पर दाखवून चालायचीही अनेकांना सवय असते. समोरच्याचे डोळे दिपले की त्याला तुमचं अंतर अजिबात कळत नाही. एकटा दिवा असल्याने ते तसंही कळायला अवघड जातं.

रात्रपाळी

थकव्याबद्दल. कोरा_आरसा, दोन-अडीच तासांनी डोकं बधिर होतं हे नैसर्गिक आहे, त्यात तुमची काही कमतरता नाही. त्याला चार कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

आवाज हे सर्वात दुर्लक्षित कारण. ताशी १०० च्या आसपास हेल्मेटमध्ये वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखान्यांसाठीचा एक प्रचलित निकष असा की ८५ डेसिबल ८ तास चालेल, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. फोमचे कानबोळे वाऱ्याची घरघर कापतात, हॉर्न आणि इंजिन तरीही ऐकू येतं. काही ठिकाणी त्याला कायद्याने मनाई असते, तेवढं बघून घ्या. हेडफोनला हे लागू नाही. गाणं लक्ष खातं.

दुसरं पाणी. वाऱ्याने घाम लगेच सुकतो, त्यामुळे तहान कळत नाही. दर थांब्याला, तहान नसली तरी, एक पेला. तिसरं थंडी. ओले हातमोजे आणि वारा मिळून बोटं इतकी ताठरतात की लिव्हरचा अंदाज जातो, आणि शरीर गार पडलं की निर्णयही मंदावतो. पावसाळी कपडे भिजायला लागल्यावर नाही, ढग दिसल्यावर घाला. चौथी झोप, आणि तिच्याशी वाटाघाटी होत नाहीत. ताशी ८० ला ३ सेकंदांची डुलकी म्हणजे ६७ मीटर विनाचालक. मध्यरात्रीनंतर २ ते पहाटे ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळा शरीरालाच जड असतात. काच उघडून वारा घेणं, गाणं म्हणणं याने दहा मिनिटंही निभत नाहीत. कॅफिनचं पेय घ्या आणि लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॅफिनला चढायला साधारण २०-३० मिनिटं लागतात, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो.

झोप येण्याआधीची लक्षणं ओळखा: मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नाहीत, एकाच गाडीच्या मागे मुकाट चाललोय, आरसा बघितलेला आठवत नाही, गिअर चुकीचा पडतोय, खांदे कानाला लागलेत. यातली दोन एकदम दिसली की पुढची थांबायची जागा शोधा. एरवीही दर दीड तासाला, फार तर दोन तासांना, दहा मिनिटं पाय जमिनीवर.

आणि औषधं. सर्दी-खोकल्याच्या आणि ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, विशेषतः क्लोरफेनिरामिन असलेल्या. पाकिटावरची सूचना वाचा. दारूबद्दल लिहायला नको, फक्त एवढंच की कायद्याच्या मर्यादेत बसणारी थोडीशीसुद्धा तोल आणि प्रतिक्रिया दोन्ही बिघडवते, आणि दुचाकीला दोन्ही लागतात.

कोरा_आरसा

कानबोळ्यांचं नवीनच कळलं. शेवटचा प्रश्न: निघण्याआधी गाडी तपासायची तर रोज काय आणि कधीतरी काय? सगळं रोज होणार नाही.

पाना_१०_१२

रोज दोन मिनिटं: दोन्ही टायर डोळ्याने आणि अंगठ्याने, पुढची लिव्हर आणि मागचा पेडल वेगवेगळे दाबून मागचा दिवा लागतो का (एकाचा स्विच गेलेला असतो आणि कळत नाही), हेडलाईट, इंडिकेटर, आरसे, आणि गाडीखाली ताजा डाग. रेस मोकळी सोडल्यावर आपसूक परत फिरते का तेही, हँडल दोन्ही टोकांना वळवून. केबल ताणली जात असेल तर एका टोकाला इंजिनचा आवाज वाढतो.

आठवड्याला: हवेचा दाब, टायर थंड असताना. दोन-तीन किलोमीटर चालवल्यावर मोजलेला आकडा फुगलेला असतो. किती भरायची ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनकव्हरवरच्या पट्टीवर असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नका. मागे कोणी बसणार असेल तर वेगळा दाब दिलेला असतो. चेनचा ढिलेपणा बहुतेक रस्त्याच्या गाड्यांना २५-३५ मिमी चालतो, पण तुमच्या पुस्तिकेतला आकडा धरा, आणि चाक फिरवून जिथे चेन सर्वात ताठ आहे तिथे मोजा. सैल जागी मोजून ताणली तर ताठ जागी बेअरिंग ओढलं जातं.

काही महिन्यांनी: ब्रेक पॅड (अस्तर २ मिमीच्या खाली आलं की बदला), हँडल मध्यभागी अडकल्यासारखं वाटतं का, पुढचं चाक उचलून आजूबाजूला खेळतं का. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी कमी चालली असली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक लावला की त्यात वाफ होते आणि लिव्हर मुठीपर्यंत येते. उतारावर लिव्हर मऊ वाटायला लागली तर खालचा गिअर टाका, लिव्हर पटापट दोन-तीनदा दाबून दाब उभा करा, आणि थांबून गार होऊ द्या.

टायरचं वय भिंतीवरच्या चार अंकी खुणेवरून: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. नक्षी भरपूर आहे म्हणून जुना टायर चांगला असं नसतं; रबर कडक झालं की ओल्यात पकड जाते. आणि नवा टायर बसवलात तर पहिले १५०-२०० किमी जपून, वरचा थर घासला जाईपर्यंत तो गुळगुळीत असतो.

ओली_सडक

हेल्मेटही तपासणीत धरा. पट्टा बांधून, मागच्या कडेला बोटं घालून ते पुढे लोटून बघा. डोक्यावरून निघालं तर माप मोठं आहे, मग ते कितीही चांगलं असो. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत.

सिग्नलला थांबल्यावरचं राहिलंच. रांगेत सर्वात मागे असाल तर पहिला गिअर, क्लच दाबलेला, पुढच्या गाडीच्या थेट मागे नाही तर तिच्या एका कडेला, पुढे निसटायला जागा ठेवून. आरशात नजर, आणि ब्रेकचा दिवा दोन-तीनदा उघडझाप. मागे एखादी गाडी पूर्ण थांबली की मग न्यूट्रल.